धुतलेला शर्ट

शर्ट धुतला म्हणून कुणी कुणाला गुन्हेगार ठरवतं का? मंदाकिनीच्या डोक्यात सकाळपासून हा एकच प्रश्न घणघणत होता, आणि उत्तर इतकं उघड असताना तो आपल्याला पडतोच कसा, याचाही तिला संताप येत होता. फोन आला तेव्हा ती बारामतीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेत बसली होती. समोर लॅपटॉप उघडा, त्यावर ‘शोक आणि स्वीकार’ या व्याख्यानाची बाविसावी स्लाइड. फोन माहेरहून, कळंबहून होता, भाच्याच्या बायकोचा, सुप्रियाचा. ‘आत्या, तुमी त्यो शर्ट कशानं धुतला वो?’ बरी आहेस का नाही, जेवलीस का नाही, थेट हेच. मंदाकिनी हसून म्हणाली, ‘मशीनमध्ये. का गं?’ ‘न्हाय, त्यात वासाचं काय टाकलं हुतं का?’ टाकलं होतं. निळ्या बाटलीतलं, कपडे मऊ करणारं, जाईच्या वासाचं. ती हो म्हणेपर्यंत पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला आणि वहिनीचा, लीलाबाईचा आवाज आला. चाळीस दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई, पण आवाजात ओल नव्हती. ‘वन्सं, मैना दोन दिस झालं पान्हा सोडंना. कास दगड झालीया. रणजितनं तिला इकायला काढलीय, दुपारी गाडी येतीया. तुमाला ठावं असावं म्हणून सांगितलं.’ आणि फोन बंद. मंदाकिनीनं कप खाली ठेवला. मनोविकारांवर तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला तिच्या सख्ख्या भावाच्या घरून असा फोन यावा, म्हणजे कमाल झाली, असं ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

मैना म्हणजे म्हैस. पंढरपुरी, पाठीपर्यंत गेलेल्या लांब शिंगांची, आणि स्वभावानं अशी की घरच्या सुनेलाही कासेशी बसू देणार नाही. तिची धार काढायची ती जोतीरामनं, मंदाकिनीच्या थोरल्या भावानं, दादानं. जोतीराम उसाच्या बांधावर बसल्या जागी गेला आणि त्यानंतर चार दिवस मैनेनं थेंब दिला नाही. तिचं रेडकू आधीच मेलेलं, त्यामुळे पान्हा आणायला तेही नाही. जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन कास मोकळी केली, पण रोज असं करून जनावर टिकायचं नाही हेही बजावलं. पाचव्या दिवशी लीलाबाईनं गोठ्यातल्या खुंटीवरचा नवऱ्याचा शर्ट साडीवरूनच अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि मैनेजवळ जाऊन उकिडवी बसली. मैनेनं मान वळवून तिचा खांदा हुंगला, एकदा फुसकारली आणि पान्हा सोडला. तेव्हापासून लीलाबाई दोन्ही वेळा तो शर्ट घालूनच धारेला बसू लागली. तपकिरी चौकडीचा शर्ट, काखेत विटलेला, तंबाखू, घाम, शेण आणि पेंडीच्या वासानं जड झालेला.

मंदाकिनीनं हे पहिल्यांदा पाहिलं ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. काय वाटलं तिला? वाटलं काहीच नाही, तिला समजलं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कळायला तिला अजून महिना लागायचा होता. मेलेल्या नवऱ्याचा शर्ट, रोज, दोन वेळा, न धुता. तिच्या डोक्यात कप्पे होते, कप्प्यांना नावं होती, आणि वहिनी त्यातल्या एका कप्प्यात इतकी चपखल बसली की मंदाकिनीला चक्क समाधान वाटलं. बाकीचे कपडे तिनंच तेराव्याला द्यायला लावले होते. सदरे, धोतरं, टॉवेल, घोंगडं, टोपीसुद्धा. ‘वहिनी, वस्तूंना चिकटलं की माणूस पुढे जात नाही,’ हे तिनं इतक्या मऊ आवाजात सांगितलं की नाही म्हणायला कुणाला जागाच राहिली नाही. गोठ्यातला शर्ट तेवढा नजरेतून सुटला होता. परवाच्या रविवारी ती पुन्हा कळंबला गेली, वहिनी दळण आणायला गिरणीत गेली होती, आणि तिनं तो उंबऱ्याबाहेरूनच हात लांबवून खुंटीवरून काढला आणि पिशवीत घातला. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बारामतीला आणून मशीनमध्ये दोनदा फिरवला, कारण पहिल्या पाण्यानंतरही त्याला गोठ्याचा वास येत होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घडी घालून घेतली आणि कामासाठी बारामतीत आलेल्या रणजितच्या, भाच्याच्या हाती परत पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘वहिनी, आता हा कपाटात ठेवा. आठवण म्हणून.’ आठवण म्हणून! त्याच संध्याकाळी तिनं बाविसाव्या स्लाइडवर लिहिलं होतं, ‘श्रीमती ल., वय ५७, ग्रामीण. मृत पतीचा पोशाख परिधान करण्याचे वर्तन.’ श्रीमती ल. म्हणे. जिच्या हातच्या भाकरी बांधून नेऊन ही बाई पुण्यात शिकली, त्या वहिनीचं एक अक्षर काय ते शिल्लक ठेवलं.

तिनं कॉलेजात रजा कळवली आणि गाडी काढली. रागातच. जनावराचं वागणं म्हणजे सवय, ती मोडते, नवी लागते, दोन दिवसांत म्हैस विकायला काढणं हा शुद्ध अविचार, आणि त्याचं खापर आपल्यावर, अशी वाक्यं ती मनात जुळवत होती, आणि जुळवलेली वाक्यं चांगली होत होती. भवानीनगरच्या पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. तो ना बाजूला होई ना वेग घेई. मागच्या ट्रॉलीतून निसटलेल्या कांड्या रस्त्यावर घासत चालल्या होत्या, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता तिला दादाची चिता आठवली, म्हणजे चिता नव्हे, त्या दिवशीची ती स्वतः. दाखला तिनं आणला, फोन तिनं केले, कुणी पाणी प्यायलं नाही, कुणाची शुगर वाढेल, सगळं तिनं पाहिलं. मंदाताई म्हणजे दगड हाय, असं लोक म्हणाले, आणि तिला ते आवडलं. वहिनी अंगणात लोळून हंबरडा फोडत होती तेव्हा ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती आणि मनात म्हणत होती, हे ठीक आहे, हे अपेक्षेत बसतं. सख्खा भाऊ तिरडीवर, आणि ही बाई दुसऱ्याच्या रडण्याची प्रत लावत उभी! पण त्या घरानं तिला तसंच वाढवलं होतं. आमच्या मंदीचं डोकं लई चालतं, तिला शेणात हात घालू देऊ नगा, असं वडील म्हणायचे. दादा धारेला बसायचा आणि ती गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर पुस्तक घेऊन बसायची, आत पाय टाकायची नाही. दूध उतू का जातं, ग्रहण का लागतं, हे ती तिथूनच त्याला समजावून सांगायची. दादा म्हशीच्या कुशीला डोकं टेकून म्हणायचा, ‘असं व्हय?’ दर वेळी त्याच कौतुकानं. त्याला त्यातलं काय काय आधीच माहीत होतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

आणि मग, ट्रॅक्टर अजून पुढेच असताना, तिला सुचलं. वास गेला तर गेला, आवाज आहे! तीन वर्षांपूर्वी तिनं ग्रामीण पुरुष भावना कशा व्यक्त करतात यावर अभ्यास केला होता, आणि दादाच्या नऊ मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. नऊ! त्या अजून फोनमध्ये होत्या. म्हशीला त्याचा आवाज ओळखीचा, आवाज ऐकला की ती पान्हा सोडणार. ‘अर्थात!’ असं म्हणून तिनं स्टिअरिंगवर हात आपटला. जंक्शन गावाच्या फाट्याला गाडी वळवताना ती जवळजवळ आनंदात होती. त्या मुलाखती तिनं मुद्दे काढून झाल्यावर पुन्हा ऐकल्या नव्हत्या, दादा गेल्यावरही नाही, हे त्या आनंदात तिच्या ध्यानात आलं नाही.

अंगणात रणजित फोनवर बोलत उभा होता. तिला पाहून त्यानं मान हलवली, बोलणं थांबवलं नाही. इंदापूरकडच्या एका मोठ्या गोठ्याला मैना द्यायची ठरली होती. फोन संपवून तो म्हणाला, ‘आत्या, माझी डुटी असती. डॉक्टरला रोज कुठनं आनू? कासंला दगडी झाली तर आचळंच जातील तिची. तितं त्यांचा डॉक्टर हाय, मशीन हाय.’ त्याचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे मंदाकिनीला आणखीच राग आला. तिनं गोठ्याकडे पाहिलं. लीलाबाई पालथ्या बादलीवर बसून कोमट पाण्याच्या फडक्यानं मैनेची कास शेकत होती. अंगात तोच शर्ट होता, कडक इस्त्रीचा, घडीच्या रेघा पाठीवर तशाच. मैना दर फडक्याला पाय झाडत होती. ‘काल ह्योच घालून बसल्या,’ सुप्रिया हळूच म्हणाली, ‘तिनं हुंगला न् लाथ मारली. मनगट सुजलंय त्यांचं.’ जाईचा वास मंदाकिनीला अंगणातच आला.

‘वहिनी, उठा तुम्ही. मी सांगते समजावून,’ ती म्हणाली. लीलाबाईनं फडकं पिळलं. मग पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ‘मला नगा समजावू वन्सं. माझं समजून झालंय. कापडं द्या म्हणलात, दिली. मोकळं रडा म्हणलात, रडले. आता पुरं म्हणलात, तेबी ऐकलं. आता हिला समजवा.’ आणि तिनं मैनेकडे बोट केलं. मंदाकिनीला हे लागलं, पण तिच्याकडे उपाय होता, आणि उपाय असला की तिला काही लागलेलं टिकत नसे. तिनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि गोठ्यात पाय टाकला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. खाली ओलं होतं, गरम होतं. तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि मैनेच्या मानेपाशी धरला.

‘दादा, सुरू झालंय. बोल.’ हा तिचाच आवाज. ‘वडील गेले तेव्हा तुला जे दुःख झालं, त्याला एक ते पाचमध्ये किती गुण देशील?’ मग खाकरणं. मग दादा. ‘गुन कसलं त्येला, मंदे?’ मैनेचे कान ताडकन उभे राहिले. तिनं मान वळवली, लांब शिंग खांबावर आपटलं, डोळे मोठे झाले, आणि लीलाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. एवढ्यात मंदाकिनीचा आवाज आला. ‘अंदाजे सांग. आकडा हवा मला.’ मैनेचे कान पडले. ‘तुला सांगतो, त्या टायमाला मी गोठ्यात...’ पुन्हा कान वर. ‘ते नंतर, दादा. आधी आकडा.’ पुन्हा खाली. मंदाकिनीनं दुसरी मुलाखत लावली, तिसरी लावली. सगळीकडे तीच बोलत होती. पंधरा मिनिटांच्या संभाषणात दादाची वाक्यं मोजकी, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक तिनं मध्येच तोडलेलं. ती समजावत होती, दुरुस्त करत होती, त्याच्या तोंडात शब्द घालत होती, ‘म्हणजे तुला अपराधी वाटलं, बरोबर?’ आणि दादा म्हणत होता, ‘आसंल. तू म्हणतीस तर आसंल.’ गोठ्यात चार माणसं उभी होती आणि म्हशीचे कान वर-खाली होत होते, एवढंच काय ते घडत होतं. नऊच्या नऊ मुलाखतींचा शेवट एकच होता. ‘मंदे, धारंची येळ झाली. चल गोठ्यात, तितं बसून सांगतो तुला सगळं.’ आणि तिचा आवाज, घाईचा, शहाणा: ‘नको, तिथे रेकॉर्डिंग नीट होत नाही.’ मग खट्ट. नऊ वेळा खट्ट. मैनेला तो कसा हाक मारत होता, धारेला बसून तिच्याशी काय बोलत होता, ते एकदाही नव्हतं. ज्या दोन मिनिटांनी आज हे जनावर या दावणीला राहिलं असतं, ती मिळायच्या आत तिनं यंत्र बंद केलं होतं.

‘गोठ्यात बसून काय सांगायचं होतं त्याला?’ मंदाकिनीनं विचारलं. हा प्रश्न तिला पडला तो आता, त्याला जाऊन चाळीस दिवस झाल्यावर. लीलाबाई मैनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘मामंजी गेले तवा तुमी पुण्यात हुता. दहाव्याला आला न् गेला. तवाची म्हस मामंजींच्याच हाताची. ह्यांनी मामंजींची बंडी घातली, तीन म्हैनं. मला घाण वाटायची. म्या म्हणलं, धुते. तर म्हणाले, हात लावू नगंस. आपण रोज घालायची, रोज घाम गाळायचा. त्येंचा वास हळूहळू जातो, आपला लागतो. एक दिस असा येतो की जनावर हुंगतं ते आपल्यालाच. मानूस कवा बदललं तिला कळत न्हाय.’ तिचा आवाज इथं पहिल्यांदा फुटला. ‘म्हणले, लीले, तिला कळत न्हाय न् आपल्यालाबी कळत न्हाय. अर्धा रस्ता झाला हुता वन्सं माझा. शेवटच्या दिसांत काखंत माझाच वास येत हुता. अजून म्हैना, लई तर दोन. तुमी त्यो पान्यात बुडवला.’

मंदाकिनी उभी होती. पायाला शेण लागलं होतं. आपण ज्याला आजार म्हणालो ते या घराचं औषध होतं, दोन पिढ्यांचं, आणि तीस वर्षं वर्गात उभं राहून आपण जे सांगत आलो त्यात हे कुठंच नव्हतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आणि त्या क्षणीही तिच्या डोक्यानं, त्या निर्लज्ज डोक्यानं, या प्रकाराला पुस्तकात काय म्हणतात ते शोधून तिच्यापुढे धरलं. लेखक, वर्ष, पान. चपखल बसत होतं. बाविसाव्या स्लाइडला बदल सुचत होता. तिला वाटलं, हे डोकं खांबावर आपटावं. भाऊ गेला, वहिनीचं मनगट सुजलंय, म्हैस तटतटून उभी आहे, आणि हे मेलं टिपणं काढतंय! आयुष्यभर यालाच सगळ्यांनी जपलं, शेणापासून, धुरापासून, रडण्यापासून, आणि ते असं पोसलं गेलं की त्याच्यापुढे कुणाला बोलायची सोय उरली नाही. दादाला उरली नाही. ‘वहिनी, चुकलं माझं,’ ती म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं. पण पुढचं वाक्य ‘कारण’ या शब्दानं सुरू होतंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं तोंड मिटलं. लीलाबाईनं शर्ट काढला, घडी न घालता गव्हाणीच्या कडेला टाकला.

गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इंदापूरहून आलेला ड्रायव्हर सिद्धू, हसऱ्या तोंडाचा, आपल्याकडचं नवं नायलॉनचं दावं खांद्यावर टाकूनच उतरला. जनावर विकलं तरी घरचं दावं त्याच्याबरोबर द्यायचं नाही, ही तिकडची रीत. घेणाऱ्यानं आपलं आणायचं. मैना जागची हलेना. रणजित मागून रेटत होता, सिद्धू पुढून ओढत होता, सुप्रिया नुसतंच ‘चल गं बाई, चल’ म्हणत होती. शेवटी लीलाबाई पुढे झाली, मैनेच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मंदाकिनी दोन हातांवर होती, पण तिला ते ऐकू आलं नाही. मैना चढली. गाडीचं फाळकं लागलं. ट्रॉल्यांनी उखडलेल्या वाटेवरून गाडी हेलकावत गेली आणि वळणापाशी दिसेनाशी झाली, तरी ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

लीलाबाईच्या हातात जुनं दावं राहिलं होतं. सुताचं, काळं पडलेलं, जिथं मूठ यायची तिथं वितभर गुळगुळीत झालेलं. ती मूठ दादाची. मंदाकिनीला ते दिसलं, आणि आता मात्र तिला काही समजलं नाही, कुठला कप्पा उघडला नाही, नाव आठवलं नाही. तिला फक्त तिथं धरायचं होतं, जिथं त्यानं धरलं होतं, एकदाच. तिनं हात पुढे केला.

लीलाबाईनं दावं पदराखाली घेतलं.

‘ऱ्हाऊ द्या वन्सं,’ ती म्हणाली. ‘तुमी धुवाल.’